कॅन ते कॅनियन: शब्दकोशाच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

आजपासून माझ्या वाट्याचा तुकडा हातात घेतला. अभ्यासिकेचा जो इंग्रजी-मराठी शब्दकोश आपण करतोय त्यात सी अक्षर फार मोठं म्हणून ते फोडून वाटलं, मला सी-ए-एन आलं, म्हणजे 'कॅन'पासून 'कॅनियन'पर्यंत. कोश कोणासाठी ते इथे परत लिहून ठेवते, कारण हे डोळ्यासमोर नसलं की कोश विद्वानांचा होऊन बसतो. आठवी ते बारावीची पोरं, आणि रात्री अभ्यासिकेत बसून भरतीची तयारी करणारी मुलंमुली. अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यातली. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि त्याच्यावर इंग्रजी.

जुनी यादी कोणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली होती, ती युनिकोडमध्ये घेतली तर सगळे रफार उड्या मारून भलतीकडे बसलेत, 'अर्थ'चं 'अथर्' झालंय पानभर. ते आधी निस्तरलं.

यादीत प्रत्येक शब्दापुढे एकच मराठी शब्द. कॅन म्हणजे शकणे, कँडिड म्हणजे प्रामाणिक, कँडिडेट म्हणजे उमेदवार, संपलं. अशी यादी पाठ केली की पोरं शेजारचा अर्थ उचलतात. परवाच्या चाचणीत 'कँडिड'पुढे 'उमेदवार' लिहिलेला पेपर मी स्वतः तपासला, आणि तो पेपर हुशार मुलाचा होता. त्याला तरी काय बोलणार, दोन्ही शब्दांची पहिली सहा अक्षरं हुबेहूब सारखी आहेत आणि यादीत ते एकाखाली एक छापलेत, आणि हा शेजारी नुसता शेजारी आहे की भाऊबंद आहे हे त्याला कोणीच सांगितलेलं नाही. माझ्या तुकड्यात मी हे सांगणार. प्रत्येक नोंदीत अर्थ, एक वाक्य, आणि जिथे गरज असेल तिथे एक ओळ नात्याची.

५ नोव्हेंबर

पहिलाच शब्द 'कॅन' आणि त्याच्यातच दिवस गेला. दोन वेगळे शब्द आहेत हे. एक क्रियापद आणि एक डबा. जुन्या इंग्रजीतच हे दोन वेगळे होते, क्रियापदाचा मूळ अर्थ 'माहीत असणं, जमणं', आणि डब्याचा अर्थ आधीपासून भांडं. योगायोगाने आज दोघांचं स्पेलिंग एक. म्हणून कॅन एक आणि कॅन दोन अशा दोन नोंदी, एका नोंदीत कोंबायचं नाही. डब्याच्या कॅनला समजावायला काहीच लागत नाही, उन्हाळ्यात आपल्याकडे घराघरात थंड पाण्याचे कॅन येतात, दूधवाल्याच्या मोटरसायकलला कॅन लटकलेले असतात.

क्रियापदाचं मात्र जरा थांबून बघायला पाहिजे. सगळीकडे 'शकणे' छापतात. मग पोरं 'आय कॅन स्विम'चं भाषांतर 'मी पोहू शकतो' असं करतात. मराठीत असं कोण बोलतं? मला पोहता येतं. मला सायकल येते. 'मी पोहू शकतो' आपण कधी म्हणतो, तर आज ताप नाही, नदीला पाणी आहे, तेव्हा. म्हणजे शिकलेली गोष्ट असेल तर 'येतं', परिस्थितीने जमत असेल तर 'शकतो', आणि परवानगी असेल तर 'मी आत येऊ का'. नववीतल्या एका पोरीला विचारलं तुझ्या घरी कसं म्हणतात, तर ती पटकन म्हणाली, 'माले येस.' बरोब्बर. आणि या शब्दाचा मूळ अर्थच 'माहीत असणं' आहे, इंग्रजीतला 'नो' म्हणजे जाणणे आणि 'कनिंग' म्हणजे चतुर, धूर्त, हे त्याच घरातले. तेव्हा पहिला अर्थ 'येणे' द्यायचा, दुसरा 'शकणे'. नोंद अशी केली:

कॅन (१): (कला, भाषा, काम) येणे, शकणे, मुभा असणे. तिला पोहता येतं. आज पाऊस नाही, आपण जाऊ शकतो. मी आत येऊ का?

माझ्या तुकड्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द हाच, त्याच्यामुळे एवढा वेळ दिला ते बरं झालं.

८ नोव्हेंबर

'कनाल' घेतला. पुस्तकात कालवा, बोलताना पाट नाहीतर कॅनॉल. गिरणेवरच्या जामदा बंधाऱ्यातून निघतात त्यांना सरकारी कागदावर डावा कालवा, उजवा कालवा म्हणतात पण गावात 'पाटाला पाणी सुटलं' असंच ऐकू येतं. पांझरेच्या काठी फड पद्धत आहे, बंधारा घालून पाटाने पाणी फिरवायचं आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, तिथेही शब्द पाटच. म्हणून नोंदीत दोन्ही दिले, कालवा आणि पाट. पोराने वाचल्या वाचल्या त्याला आपल्या शेताच्या बांधावरचा दिसला पाहिजे. खाली सुएझ १८६९ आणि पनामा १९१४ अशी दोन वाक्यं टाकली, भूगोलात विचारतात.

दुसरा अर्थ शरीरातली नळी. कानाची नळी, दाताचं रूट कनाल. डेंटिस्टकडे जाऊन आलेल्याला हा शब्द माहीत असतो पण शेतातला कॅनॉल आणि दाताचं कनाल एकच हे कोणी जोडलेलं नसतं. मूळ लॅटिन शब्द 'कन्ना', म्हणजे बोरू, वेत, पोकळ देठाचं झाड. पोकळ म्हणून नळी, नळी म्हणून कालवा. आणि त्याच कन्नापासून माझ्याच पानावरचे कितीतरी निघतात. 'केन' म्हणजे वेत, छडी, ऊस. 'कॅनिस्टर' म्हणजे डबा, मुळात वेताची टोपली. दोन एन वाला 'कॅनन' म्हणजे तोफ, मोठी नळीच ती. आणि 'चॅनल' तर कनालचा सख्खा भाऊ, तोच लॅटिन शब्द फ्रेंचच्या वाटेने आला म्हणून सी-एच झाला आणि शब्दकोशात पन्नास पानं लांब जाऊन पडला.

हेच मला या कामात सगळ्यात जास्त लागलंय. एबीसीडीचा क्रम फक्त स्पेलिंग बघतो. कनालच्या शेजारी 'कॅनरी' पक्षी बसतो ज्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि सख्खा चॅनल दिसतच नाही.

एक एन वाला 'कॅनन' वेगळा. नियम, प्रमाण मानलेले ग्रंथ. ग्रीकमध्ये मापाची सरळ काठी. पोरांना हा शब्द लग्नातल्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर दिसतो, म्हणून नोंदीत 'कॅमेऱ्याच्या कंपनीचं नावही हेच, एकच एन' एवढं टाकलं. एक एन नियम, दोन एन तोफ, हे ठळक अक्षरात.

१० नोव्हेंबर

'कॅन्सल' आणि 'कॅन्सर', यादीत वर-खाली. दोघांचं काही नातं आहे असं धरायचं नाही, नोंद आपापली.

कॅन्सलसाठी मी बँकेतला चेकच घेऊन बसले. आपल्याकडे अनुदान असो, पीक विमा असो, शिष्यवृत्ती असो, 'एक कॅन्सल चेक जोडा' हे सांगतातच. म्हणजे काय करतात, कोऱ्या चेकवर कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढतात आणि त्या दोन रेघांमध्ये मोठ्या अक्षरात 'कॅन्सल्ड' लिहितात. सही नाही, रक्कम नाही. खातं नंबर आणि आयएफएससी तेवढा वाचता येतो. आता गंमत बघा, लॅटिनमध्ये 'कँसेल्ली' म्हणजे जाळी, लाकडाच्या आडव्यातिडव्या पट्ट्यांची. लिहिलेलं रद्द करायचं असलं की त्याच्यावर जाळीसारख्या रेघा ओढायचे, त्या ओढण्यालाच कॅन्सल करणं म्हणायचे. म्हणजे 'रद्द करणे' हा अर्थ नंतरचा, 'रेघा मारणे' हा आधीचा, आणि आपण चेकवर आजही तेच करतोय. न्यायालयात त्या जाळीपाशी उभा राहणारा कर्मचारी तो 'चॅन्सेलर', त्याचा मान वाढत वाढत तो राजाचा मंत्री आणि मग विद्यापीठाचा कुलपती झाला. आपल्या जळगावच्या विद्यापीठाचे कुलपती राज्यपाल असतात, आणि व्हीसी म्हणजे कुलगुरू, हे स्पर्धा परीक्षेत विचारतात म्हणून सी-एचच्या तुकड्यात बघा असा इशारा दिला. 'कॅन्सल्ड'मध्ये ब्रिटिश स्पेलिंग दोन एल, अमेरिकन एक, आपल्या बोर्डाला दोन एल.

कॅन्सर म्हणजे कर्करोग. हा शब्द लिहिताना हात जरा सावकाश चालतो, घरोघरी कोणी ना कोणी गेलेलं आहे. पण पोरांनी तो समजून घ्यावा असं मला फार वाटतं. लॅटिनमध्ये कॅन्सर म्हणजे खेकडा. त्याच्या आधी ग्रीक वैद्यांनी, हिप्पोक्रॅटिसच्या काळापासून, गाठीला खेकड्याचंच नाव दिलेलं, गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात म्हणून असं सांगतात. आणि आपल्या 'कर्करोग'मधला कर्क म्हणजेही खेकडा. कर्क रास, कर्कवृत्त, इंग्रजीत 'ट्रॉपिक ऑफ कॅन्सर', सगळीकडे तोच खेकडा. एका पोराने मला विचारलं होतं की मॅडम, नकाशावर रोगाची रेघ का आहे. आता त्याला नोंदीतच उत्तर मिळेल. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे, मध्य प्रदेश आणि गुजरातमधून जातं, महाराष्ट्रातून नाही, हेही लिहिलं.

१४ नोव्हेंबर

कँडिड, कँडिडेट, कँडल. ज्या पेपरवरून मी हे सगळं सुरू केलं ते तिघं. आणि हे तिघं खरे भाऊ निघतात.

लॅटिन 'कँदेरे' म्हणजे उजळणं, चमकणं. त्याच्यावरून 'कँदिदुस' म्हणजे शुभ्र पांढरा. कँडल उजेड देते. कँडिड म्हणजे मन पांढरंशुभ्र, आत एक बाहेर एक नाही, म्हणून मोकळेपणाने बोललेलं, आडपडदा न ठेवता. आणि कँडिडेट म्हणजे पांढरे कपडे घातलेला माणूस, कारण रोममध्ये निवडणुकीला उभं राहणारे लोक आपला टोगा खडूने पांढराफेक करून लोकांसमोर जायचे. ही गोष्ट अभ्यासिकेत सांगितली तर सगळे एकदम खिडकीकडे बघायला लागले, बाहेर नगरपालिकेचा प्रचार चालू आहे आणि कडक इस्त्रीचे पांढरे कपडे दिवसभर रस्त्यावरून जातायत. दोन हजार वर्षं झाली आणि पेहरावाचा रंग तोच. आपला 'उमेदवार' मात्र फारसीतून आला, उमेद म्हणजे आशा, आशा धरून बसलेला तो उमेदवार. दोन भाषांनी एकाच माणसाकडे दोन बाजूंनी बघितलं.

आणि अजून एक, जे मला स्वतःला फार आवडलं. लॅटिनचं कँदेरे आणि संस्कृतमधला 'चंद्र' हे एकाच जुन्या धातूपासूनचे मानतात, अर्थ दोन्हीकडे चमकणं. म्हणजे मेणबत्ती आणि चंद्र लांबचे नातेवाईक.

कँडिडबद्दल एक अडचण. आपल्याकडे लग्नाच्या पॅकेजमध्ये 'कँडिड फोटोग्राफी' असते, त्यामुळे पोरांना कँडिड म्हणजे फोटोचा प्रकार वाटतो. तो अर्थ टाळायचा नाही, दुसऱ्या नंबरला घ्यायचा, 'पोज न देता सहज टिपलेला'. पहिला अर्थ आणि दुसरा अर्थ एकमेकांना धरून आहेत, बनाव नाही हेच दोन्हीत.

कँडिड: मोकळा, स्पष्ट, मनात एक ओठात एक नसलेला, (फोटो) पोज न देता काढलेला. नातं: कँडल, कँडिडेट. घोटाळा: कँडिडेट म्हणजे उमेदवार.

'प्रामाणिक' काढून टाकलं. प्रामाणिकला 'ऑनेस्ट' आहे. प्रामाणिक माणूस गप्प बसू शकतो, कँडिड माणूस बोलून मोकळा होतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

'कँडी'. जुन्या यादीत 'गोळी, चॉकलेट'. तेवढं देऊन खानदेशात भागत नाही.

कापसाचे भाव बातमीत येतात तेव्हा दोन आकडे असतात. कापूस, म्हणजे सरकीसकट, क्विंटलने. आणि रुई, म्हणजे जिनिंगमधून सरकी काढून निघालेली, ती कँडीने. एक कँडी ३५६ किलोची. एक गठाण, म्हणजे रुईचा दाबून बांधलेला गठ्ठा, १७० किलोची, म्हणजे कँडी म्हणजे दोन गठाणींपेक्षा थोडं जास्त. धरणगावच्या बाजूला जिनिंगमध्ये हिशोब बघणारे एक जिभाऊ ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे जाऊन आले. त्यांनी टेबलावरची सौदापट्टी दाखवली, गठाणीचा नंबर, वजन, धाग्याची लांबी मिलीमीटरमध्ये, आणि शेवटी भाव, रुपये प्रति खंडी. कागदावर खंडी लिहिलेलं, फोनवर मुंबईच्या पार्टीशी बोलताना तेच जिभाऊ कँडी म्हणत होते. मी विचारलं जिभाऊ दोन्ही एकच का, तर म्हणे, एकच ना ताई, आपलीच खंडी ती, इंग्रजाने नेली आणि कँडी करून परत दिली.

आणि हे खरं आहे. इंग्रजीतलं वजनाचं 'कँडी' आपल्या मराठी खंडीवरून आणि दक्षिणेतल्या कंडीवरून गेलं. २० मणांची एक खंडी हा जुना हिशोब, पण मण गावोगाव वेगळा त्यामुळे खंडीही वेगळी. मुंबईच्या कापूस बाजारात ७८४ पौंडांची धरली गेली, त्याचेच आजचे ३५६ किलो. मण गेला, पौंड गेला, कँडी राहिली.

खायची कँडी वेगळी, पण तीही इथलीच. संस्कृत 'खण्ड' म्हणजे तुकडा, साखरेचा खडा, त्याच्यावरून फारसीत 'कंद', मग अरबी, फ्रेंच, आणि शेवटी इंग्रजी कँडी. आपल्या गुलकंदातला कंद तोच, फारसीतून आपल्याकडे परत आलेला. खडीसाखरेला इंग्रजीत 'शुगर कँडी' म्हणतात ते अगदी मुळाला धरून आहे. तर दोन नोंदी केल्या, कँडी (१) खायची, कँडी (२) वजनाची, आणि दुसरीत वाक्य दिलं: आज रुईचा भाव कँडीमागे पाचशेने वाढला. पुण्या-मुंबईच्या कोशात ही दुसरी नोंद नसेल तर नसू दे, आपल्या कोशात ती असलीच पाहिजे, ज्या पोराच्या घरी कापूस आहे त्याला बातमी कळली पाहिजे.

जाता जाता, इंग्रजी-मराठी कोशाचं पहिलं मोठं काम मोल्सवर्थने सुरू केलं आणि १८४७ साली पुरं करून छापलं ते मेजर थॉमस कँडीने. आडनाव कँडी. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुळवण्यात त्या माणसाचा मोठा वाटा आहे, मी या नोंदीत जेवढे टाकलेत तेवढे त्याच्यामुळेच म्हणायला हरकत नाही.

१९ नोव्हेंबर

आप्पांनी आतापर्यंतची पानं वाचली. आप्पा चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झालेत, आणि त्यांनी लाल पेनाने नात्याच्या ओळी सगळ्या खोडल्या. म्हणाले, 'पोरेस्ले परीक्षा देनी शे, इतिहास कसाले?' त्यांचं म्हणणं अगदी सोडून देण्यासारखं नाही. कोश जाड झाला तर झेरॉक्सचा खर्च वाढतो, आणि पोरगं परीक्षेच्या आदल्या रात्री रोमन लोकांचे कपडे वाचत बसणार नाही.

मी म्हटलं आप्पा, मग शब्द लक्षात कसा राहणार, नुसता शेजार बघून राहत नाही ना. बराच वेळ बोललो. त्यांना मी आपल्या वर्णमालेचं सांगितलं. क ख ग घ ङ गळ्यातून, च छ ज झ टाळूला, ट ठ जीभ वळवून, त थ दाताला, प फ ओठाला. आपल्याकडे अक्षरं शेजारी बसतात ती तोंडातल्या जागेप्रमाणे, शेजार म्हणजे नातं. त्यामुळे आपल्या पोरांच्या मनात खोलवर बसलंय की जवळ असलेलं जवळचं असतं. इंग्रजीच्या एबीसीडीचं तसं नाही, तो क्रम फिनिशियन लोकांकडून ग्रीक, ग्रीकांकडून रोमन असा आलाय, त्यात आवाजाची काही व्यवस्था नाही, ए स्वर आणि त्याच्या शेजारी बी ओठातला आणि सी भलतीकडचा. इंग्रजांना स्वतःला सुद्धा हा क्रम शिकवावा लागला होता. इंग्रजी-इंग्रजी पहिला कोश १६०४ सालचा, रॉबर्ट कॉड्री नावाच्या मास्तरकी केलेल्या माणसाचा, त्याने सुरुवातीलाच वाचकाला समजावलंय की शब्द ए ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला बघ, आणि सी-ए असेल तर सी च्या सुरुवातीला, सी-यू असेल तर सी च्या शेवटाकडे. चारशे वर्षांपूर्वी तिथल्या शिकलेल्या माणसाला हे सांगायला लागत होतं, मग आपल्या पोराला का सांगू नये.

आप्पा थोडा वेळ गप्प बसले आणि मग तोड त्यांनीच काढली. नात्याची ओळ फक्त दोन ठिकाणी. एक, जिथे शेजारच्या शब्दाशी घोटाळा होतो. दोन, जिथे नातं सांगितल्याने एकाचे तीन शब्द पदरात पडतात. बाकी सगळीकडे कात्री. हा नियम मला मान्य आहे, मनापासून. कँडिडची ओळ राहिली, चंद्र गेला. वाईट वाटलं पण गेला. वर्गात तोंडी सांगेन.

२२ नोव्हेंबर

कॅनरी आणि 'केनाइन'. केनाइन म्हणजे कुत्र्याचा, कुत्र्यासंबंधी, आणि दातात सुळा. कॅनरी हा पिवळा गाणारा पक्षी, त्याचं नाव कॅनरी बेटांवरून, आणि त्या बेटांचं नाव लॅटिनमधल्या कुत्र्यावरून, बेटावर मोठाले कुत्रे होते असं प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. आप्पांच्या नियमात हे बसत नाही, घोटाळा होत नाही. काढलं. पण कॅनरीच्या वाक्यात खाणीचं ठेवलं: ब्रिटनच्या कोळसा खाणीत विषारी वायू लवकर कळावा म्हणून १९८६ पर्यंत कॅनरी पिंजऱ्यात घालून नेत. उताऱ्यात हा संदर्भ वारंवार येतो आणि पोरांना कळत नाही की खाणीत पक्षी कशाला.

'कॅनिबल' नरभक्षक, 'कनू' वल्ह्याची अरुंद होडी. दोन्ही कोलंबसच्या १४९२ च्या सफरीनंतर कॅरिबियनमधून स्पॅनिशमध्ये आणि मग इंग्रजीत आले. एक-एक ओळ. 'कँटीन' सगळ्यांना एसटी स्टँडमुळे माहीत आहे, फक्त 'सैनिकाची पाण्याची बाटली' हा अर्थ जोडला, गोष्टीत तो येतो आणि पोरं सैनिकाच्या कमरेला हॉटेल लटकवतात.

२७ नोव्हेंबर

'कॅन्व्हास', एक एस आणि दोन एस. उच्चार एकच. एक एस म्हणजे जाड कापड, तंबूचं, चित्राचं, शाळेतल्या पांढऱ्या पीटीच्या बुटांचं. दोन एस म्हणजे मतं मागत घरोघर फिरणं, प्रचार करणं, लोकांचं मत अजमावणं.

इथे नात्याची ओळ दोन्ही कारणांनी लागते. दोन एस वाला एक एस वाल्यातूनच निघालाय. माणसाला जाड कापडात घालून चार जणांनी वर उडवायचं असा एक प्रकार होता, त्यावरून एखादी गोष्ट झाडून-झटकून तपासणं, चर्चेत घेणं, आणि मग मतदारांना जाऊन चाचपणं. कापडाचा शब्द स्वतः 'कॅनाबिस'वरून आला, कारण जुनं कॅन्व्हास भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं विणत. कॅनाबिसही माझ्याच यादीत आहे, म्हणजे तिघं एका दोऱ्यात आले.

वाक्यं अशी दिली: एक एस, पावसाळ्यात ट्रॅक्टरवर कॅन्व्हास टाकलं. दोन एस, कँडिडेट गल्लीगल्लीत कॅन्व्हास करत फिरतोय. दुसऱ्या वाक्यात कँडिडेट मुद्दाम आणला, एका पानावरचे दोन शब्द एका वाक्यात आले की दोन्ही पक्के होतात. रात्री भरतीवाल्या पोरांना ही दोन वाक्यं फळ्यावर लिहून दिली आणि स्पेलिंग भरायला लावलं. बाहेर लाऊडस्पीकरवाली रिक्षा चालू होती, दोन एस विसरायला जागाच नव्हती.

१ डिसेंबर

'कॅनपी'. केळीवाले कृषी अधिकाऱ्यांच्या भाषणात हा शब्द ऐकतात, 'कॅनोपी' म्हणतात. रावेर-यावलकडच्या एका पालकांना फोन करून विचारलं तुम्ही याला काय म्हणता, म्हणाले पानांचा घेर. 'पर्णसंभार' छापलं असतं तर पोराला परत त्याचा अर्थ शोधावा लागला असता. तर अर्थ: वर धरलेलं छत, छत्र, झाडांच्या पानांचा वरचा घेर. वाक्य, सातपुड्याच्या जंगलात पावसाळ्यात कॅनपी इतकी दाट होते की खाली ऊन पोचत नाही. मुळात ग्रीकमध्ये हा मच्छरदाणीचा शब्द, 'कोनोप्स' म्हणजे डास. नियमाप्रमाणे काढायला पाहिजे होतं, पण आप्पांनी स्वतःच म्हटलं राहू दे. एवढी एक सूट.

५ डिसेंबर

'कँटर'. पोरांना कँटर म्हणजे मालवाहू गाडी, आयशर-मित्सुबिशीच्या कँटर मॉडेलवरून ते नाव आपल्याकडे पडलं आणि आता त्या आकाराची कुठलीही गाडी कँटरच. इंग्रजीत कँटर ही घोड्याची चाल. कँटरबरीला जाणारे यात्रेकरू घोड्यावर ज्या आरामशीर चालीने जायचे ती 'कँटरबरी गॅलप', तिचं लहान होऊन कँटर.

दत्त जयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली आहे, तापीच्या काठी घोड्यांचा बाजार, तिथे आमच्या अभ्यासिकेतली काही पोरं गेली होती. त्यांना सांगून ठेवलं होतं की घोडेवाल्यांना विचारून या. त्यांनी विचारून आणलं. गिऱ्हाईक आलं की घोडेवाला आधी चालवून दाखवतो, मग दुडक्या चालीने, मग जरा मोकळा सोडतो, आणि शेवटी भरधाव. इंग्रजीतही बरोबर चार आहेत: वॉक, ट्रॉट, कँटर, गॅलप. ट्रॉट म्हणजे दुडकी, गॅलप म्हणजे भरधाव, आणि कँटर मधली, मोकळी संथ दौड. कोशात बसून हे मला इतकं स्वच्छ मांडता आलं नसतं. पोरांनी एक व्हिडिओही आणलाय, तीन ठोक्यांची चाल कानाला ऐकू येते त्यात, टप-टप-टप आणि मध्ये जरा खंड. ट्रॉटला दोनच ठोके. वर्गात लावून दाखवला.

कँटर: घोड्याची मोकळी, संथ दौड (ट्रॉटपेक्षा जलद, गॅलपपेक्षा सावकाश). आपल्याकडे मध्यम मालवाहू गाडीलाही कँटर म्हणतात.

९ डिसेंबर

शेवटचा शब्द, कॅनियन. स्पॅनिशमधून आला, बहुतेक तोही नळीच्याच घरातला. जुन्या यादीत 'दरी', आणि 'व्हॅली'पुढेही 'दरी'. मग फरक काय कळणार. कॅनियन म्हणजे उभ्या कड्यांची, नदीने खोल चिरत नेलेली अरुंद दरी, घळ. व्हॅली म्हणजे दरी किंवा खोरं, पसरट. तापीचं खोरं आहे, त्याला कोणी कॅनियन म्हणणार नाही. अमेरिकेतली ग्रँड कॅनियन ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी १८०० मीटरपेक्षा खोल. आपल्याकडे तापीला मिळणाऱ्या नाल्यांनी गाळाच्या जमिनीत खोल घळी पाडल्यात, चोपडा-अमळनेर रस्त्याला नदी ओलांडताना दिसतात, त्या पोरांच्या ओळखीच्या म्हणून वाक्यात घळ शब्द ठेवला.

संध्याकाळी पूर्ण तुकडा प्रिंट काढून नववी-दहावीच्या पोरांना दिला आणि फक्त घोटाळ्याच्या जोड्या विचारल्या. कँडिड-कँडिडेट सगळ्यांना आलं. एक एस-दोन एस आलं. कॅनन-कॅननला अजून अडतात, दोघातिघांनी तोफेला एकच एन दिला, म्हणून तिथे तोफेचं छोटं चित्र घालायचं ठरलं, चित्राखाली दोन एन मोठ्या अक्षरात. चित्र काढायला दहावीतली एक पोरगी तयार आहे. ज्याचा पेपर मी तपासला होता त्या मुलाने मला विचारलं की 'कँडर' म्हणजे कँडिडचंच नाम का. बरोबर, कँडर म्हणजे मोकळेपणा, आणि ते यादीत नव्हतंच. आज घातलं, कँडल आणि कँडीच्या मध्ये.

राहिलेलं काम: रफार परत एकदा तपासणे, कँडी (२) मधला ३५६ चा आकडा ठळक करणे, कॅन्सलच्या नोंदीत चेकचं चित्र. फाईल उद्या आप्पांकडे जाईल. पुढचा तुकडा सी-ए-पी, कॅप, केपेबल, कॅपिटल, कॅप्टन. कॅपिटल आणि कॅप्टन दोघं लॅटिनमधल्या डोक्यावरून आलेत, केपेबल तिसऱ्याच घरचा, तिथून सुरुवात करते.